गाठींना उठाव नाही, दोष मात्र जिनिंगला

दिवाळीनंतरच्या एका रविवारी विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या मंगल कार्यालयात मधुमेहावर कार्यक्रम झाला. सोयाबीन निघालेलं, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली, त्यामुळे लोकांच्या हातात चार पैसे होते आणि हॉल भरला होता. पडद्यावर पेशीचं मोठं रंगीत चित्र होतं. वक्त्याने त्यातल्या लांबुळक्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे पेशीत इंधन जाळून ऊर्जा तयार करणाऱ्या भागांवर, काठी टेकवली आणि सांगितलं, “तुमच्या शुगरचं मूळ इथे आहे. भातात नाही, साखरेत नाही. या भट्ट्या विझल्या आहेत. भट्ट्या पेटवा, शुगर मुळासकट जाईल.” बाहेर टेबलावर भट्ट्या पेटवणारे डबे मांडले होते. महिन्याला एक डबा, किंमत २,४०० रुपये. निंदणाची मजुरी आमच्याकडे दिवसाला अडीचशे-तीनशे आहे. मागच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ तावातावाने उठले. “हे सगळं थोतांड आहे. जीभ आवरा, हातपाय हलवा, बस्स!” टाळ्या दोघांनाही पडल्या. तेव्हापासून पानठेल्यापासून तेरवीच्या पंगतीपर्यंत मी हाच वाद ऐकतो आहे आणि दर वेळी मन अस्वस्थ होतं, कारण दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात आणि त्या अर्ध्या खऱ्याचा भुर्दंड ज्याच्या घरात आजार आहे त्यालाच पडतो.

मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. मायटोकॉन्ड्रियाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली याची गणती नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मायटोकॉन्ड्रिया आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर यांचा संबंध खरा आहे. पण पेशीतला हा बिघाड साखळीतली मधली कडी आहे. त्या कडीवर ताण आणणाऱ्या गोष्टी पेशीच्या बाहेर आहेत: आईच्या पोटातले नऊ महिने, रेशनची पिशवी, बदललेलं शेतकाम, बाईच्या वाट्याला येणारं ताट. डबे विकणारा माणसाला पेशीत कोंडतो आणि ‘जीभ आवरा’ म्हणणारा त्याला त्याच्या जिभेत कोंडतो. गाव दोघांनाही दिसत नाही.

गाव म्हणजे काय, ते आमच्या शेजारच्या काकूंवरून सांगतो. वय अठ्ठेचाळीस, वजन त्रेचाळीस किलो. गेल्या पावसाळ्यात पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर २६८. घरी आल्यावर कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “सर, म्या त च्यातही साखर सोडली दोन वर्षांपासून. मंग मले काहून झालं हे?” दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, खाणं कमी करा, वजन उतरवा. त्रेचाळीस किलोतून किती उतरवायचं? त्यांच्या ताटात दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पोळी आणि उरलंसुरलं कालवण. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर त्या बसतात, त्यामुळे भाजीचा तळच त्यांच्या वाट्याला येतो. दंडाला हात लावला तर हाडाभोवती मऊ कातडी लागते, स्नायू जवळपास लागतच नाही. पोट मात्र थोडं सुटलेलं आहे. या बाईला आळशी कोण म्हणेल? आणि तिची जीभ नेमकी कुठे सुटली होती?

आता विज्ञान. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. इन्सुलिनचा निरोप आला की स्नायूपेशीच्या आत बसलेले साखरवाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. निरोप येऊनही पेशी दाद देत नाही, तेव्हा स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडावं लागतं, वर्षानुवर्षं, थकेपर्यंत. इन्सुलिनचा तुटवडा हा एक मधुमेह आणि इन्सुलिनला दाद न देणं हा दुसरा, हा फरक लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच मांडला होता. पेशी दाद का देत नाही, हा प्रश्न मात्र अजून चर्चेत आहे, आणि मायटोकॉन्ड्रियाचं नाव येतं ते इथे.

डबे विकणाऱ्याच्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा मीच मांडतो, कारण तो त्या दिवशी कोणी मांडला नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात किट पीटरसन आणि जेराल्ड शुलमन यांनी ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे अशी तरुण मुलं तपासली. मुलं सडपातळ आणि धडधाकट होती, आजार कोणालाच नव्हता. तरीही त्यातल्या इन्सुलिनला दाद न देणाऱ्या मुलांच्या स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रियाचं ऊर्जा तयार करण्याचं काम सुमारे ३० टक्के कमी होतं आणि स्नायूपेशींच्या आत साठलेली चरबी सुमारे ८० टक्के जास्त होती. ही साधी गोष्ट नाही. आजार दिसण्याच्या कितीतरी आधी पेशीत काहीतरी मंदावलेलं असतं, जळायची चरबी तशीच साचते आणि त्या चरबीचे काही घटक इन्सुलिनच्या निरोपात अडथळा आणतात. तर्क सरळ आहे. ‘मायटो-फायटो थोतांड’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास बाजूला सारू नये.

पण मंदावलं का? इथे आमच्याकडचंच उदाहरण घेतो. डिसेंबरात जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि गंज्या शेडबाहेर येतात. रस्त्याने जाणारा म्हणतो, जिनिंगची यंत्रं निकामी झाली असतील. असूही शकतं. पण बहुतेक वेळा आत जाऊन विचारलं तर कळतं की गाठींना उठाव नाही. तयार माल उचलला जात नाही, म्हणून यंत्रं निम्म्या वेगाने चालवली आहेत आणि इकडे आवक मात्र थांबलेली नाही. मायटोकॉन्ड्रियाचं अगदी तसंच आहे. ते इंधन आपल्या मर्जीने जाळत नाहीत. स्नायू आकुंचन पावला, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्ची पडलं आणि त्याचं उरलेलं एडीपी परत आलं, की त्यांचा वेग वाढतो. खर्चच नसेल तर चांगल्यातला चांगला मायटोकॉन्ड्रिया मंदच चालणार, आणि वरून भात-पोळी येतच राहिली तर गंज्या शेडबाहेर येणार. म्हणजे येलच्या मुलांमध्ये दिसलेला मंदपणा यंत्राचा दोष होता की उठावाचा, हे त्या एका मोजणीतून ठरत नाही.

ते ठरवायला दुसरे अभ्यास मदत करतात आणि त्यातला एक तर खास आपल्यावरच आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २००८ मध्ये भारतीय वंशाची माणसं आणि उत्तर युरोपीय वंशाचे अमेरिकन यांच्या स्नायूंची तुलना केली. भारतीय इन्सुलिनला कितीतरी कमी दाद देत होते. तर्काप्रमाणे त्यांचे मायटोकॉन्ड्रिया दुबळे निघायला हवे होते. निघाले उलटे: एटीपी तयार करण्याची क्षमता भारतीयांमध्येच जास्त होती. भट्ट्या चांगल्या, तरीही दाद नाही. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या अभ्यासात दिसलं की केवळ आहार कमी करून वजन उतरवलेल्यांचं शरीर इन्सुलिनला पुन्हा चांगली दाद देऊ लागलं, स्नायूतली चरबीही घटली, पण मायटोकॉन्ड्रियाची क्षमता वाढली नाही. उंदरांमध्ये स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया मुद्दाम अधू केले, तर काही प्रयोगांत ते उंदीर मधुमेहापासून उलट बचावले. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण काकूंच्या गोळ्यांच्या पाकिटात आहे. मेटफॉर्मिन हे औषध मायटोकॉन्ड्रियातल्या पहिल्या टप्प्याचा वेग थोडा कमीच करतं, आणि तरीही त्याने साखर उतरते. भट्टी पेटवली की शुगर जाते हे खरं असेल, तर भट्टी मंद करणारं औषध साठ-पासष्ट वर्षं उपयोगी कसं पडतंय? १९६३ मध्ये फिलिप रँडल यांनी चरबी आणि साखर एकमेकांचं जळणं रोखतात हे दाखवलं होतं. तेव्हापासून शास्त्रज्ञ हा गुंता सोडवताहेत आणि २०१३ मध्येसुद्धा एकाच नियतकालिकात दोन नामवंत अभ्यासकांनी या प्रश्नाच्या दोन विरुद्ध बाजू मांडल्या. जिथे जाणकारांचं एकमत नाही, तिथे डब्यावर ‘मुळासकट’ कसं छापता येतं?

मायटोकॉन्ड्रियाच मूळ असलेला मधुमेहही असतो, हे सांगितलं नाही तर माझी मांडणी अपुरी राहील. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. त्यातला एक ठरावीक बदल १९९२ मध्ये सापडला. त्याने आईकडून मुलांकडे मधुमेह आणि बहिरेपण अशी जोडी जाते. पण तिथेही घडतं ते मुख्यतः वेगळंच. स्वादुपिंडातल्या पेशीला इन्सुलिन सोडायला एटीपी लागतं, ते अपुरं पडतं, म्हणून इन्सुलिन कमी सुटतं. हा आजार विरळा आहे, आणि तिथेही डब्याने जनुक बदलत नाही.

मग ‘हातपाय हलवा’ म्हणणारे जिंकले का? त्यांचं म्हणणं बरंच खरं आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना नियमित पळवून दाखवलं की स्नायूतल्या मायटोकॉन्ड्रियाची विकरं (इंधन जाळण्याच्या क्रिया घडवणारी प्रथिनं) जवळपास दुप्पट होतात. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्सुलिनच्या निरोपाची वाटही न पाहता साखर आत घेतो, आणि एका चांगल्या श्रमाचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. डेन्मार्कमध्ये रोज दहा हजारांहून जास्त पावलं चालणाऱ्या निरोगी तरुणांना दोन आठवडे दीड हजारांखाली आणलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची ताकद लक्षणीय घटली. औषध म्हणून चालण्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं फार थोडं आहे.

पण गावात हा सल्ला देताना त्यामागे एक आरोप असतो: तू आळशी झालास. तो आरोप चूक आहे आणि माझा खरा विरोध त्याला आहे. २००४ मध्येच पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचे फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच म्हणत होता. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. त्या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅम कमी असूनही चरबी त्या मानाने राखलेली होती, तूट पडली होती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. म्हणजे साखर उचलणारा स्नायू जन्मतःच तोकडा. आळस कोणी केला? नवव्या महिन्यापर्यंत वाकून निंदण करणाऱ्या, सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या त्या आईने? की पोटातल्या लेकराने? अभ्यास पुण्याकडच्या गावांचा आहे हे खरं, पण आमच्या गावातल्या बाळंतिणी पाहिलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही.

श्रमाचंही नीट पाहिलं पाहिजे. आमच्याकडची शेती कोरडवाहू. जूनमध्ये पेरणीपासून जानेवारीतल्या शेवटच्या वेचणीपर्यंत काम, मग उन्हाळ्याचे चार महिने हाताला जवळजवळ काही नाही. पूर्वी कपाशीला दोन-तीन निंदणं लागायची, डवरणी बैलामागे चालून व्हायची, ज्वारीची सवंगणी, खळं, मळणी असं चालत राहायचं. आता तणनाशकाचा पंप, ट्रॅक्टर आणि सोयाबीनला मळणीयंत्र. त्या पाठ मोडणाऱ्या कामाची मला हळहळ नाही. ते ज्या बायकांनी केलं त्यांना विचारा, गुडघे आजही सांगतात. पण ते काम गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. मजुरी गेली, चालणं गेलं, ताटातला भात तेवढाच राहिला. शहरातल्या माणसाने खुर्ची निवडली असं एकवेळ म्हणता येईल. काकूंनी काय निवडलं?

आणि ताट. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेह ११.४ टक्के प्रौढांमध्ये आढळला, शहरात १६.४ आणि खेड्यात ८.९. यावरून कोणी म्हणेल, खेडं अजून बरं आहे. पण त्याच पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण १५.३ टक्के निघालं, आणि त्यात शहर-खेडं असा फरक जवळपास नाही. उंबरठ्यावर आम्ही शहराइतकेच उभे आहोत. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या घरात माणशी महिन्याला पाच किलो धान्य येतं, मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्याने भूक मागे हटली, आणि ज्यांनी भूक पाहिली आहे ते या पिशवीला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. पण पोट स्टार्चने भरतं आणि स्नायू बांधायला लागणारी प्रथिनं त्यात फार थोडी. इकडे शेतात सोयाबीन आहे, ज्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं. कपाशीत तुरीची ओळ आहे. सोयाबीन तेल आणि ढेपेसाठी जातं. तूर फेब्रुवारीत पोत्यानिशी अडतीवर जाते, कारण उसनवारी फेडायची असते. मग उन्हाळ्यात तोच शेतकरी दुकानातून पाव किलो डाळ आणतो आणि पाण्याने वाढवतो.

कापूस, ताट आणि पेशी यांचं हे नातं जगात पहिल्यांदाच दिसत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापूसपट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा नावाचा आजार पसरला. अंगावर चट्टे, हगवण, भ्रम आणि शेवटी मृत्यू. एक मोठं वैद्यकीय मंडळ म्हणालं, हा संसर्ग आहे. वंशशुद्धीवाले म्हणाले, हा रक्तातला दोष आहे. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला पाठवलं. त्यांनी पाहिलं की वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना पेलाग्रा होतो, सेवकांना होत नाही. दोघं एकाच इमारतीत, ताटं मात्र वेगळी. १९१६ पासून एडगर सिडनस्ट्रिकर यांना सोबत घेऊन त्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या सूतगिरण्यांची गावं घरोघर पालथी घातली. उत्पन्न जितकं कमी तितका आजार जास्त. मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढ्यावर माणसं जगत होती, आणि काही गावांभोवती थेट घरापर्यंत कापूस लावलेला असल्याने दूध, भाजी, मांस मिळत नव्हतं. पुढे १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांनी नेमका कमी पडणारा पदार्थ शोधला, नायसिन. नायसिनपासून शरीरात एनएडी तयार होतं, आणि मायटोकॉन्ड्रियाची भट्टी चालते ती एनएडीने वाहून आणलेल्या इलेक्ट्रॉनांवर. म्हणजे पेलाग्रात पेशीतली भट्टी खरोखरच उपाशी होती! तरीही गोल्डबर्गरांनी नायसिन सापडण्याच्या वीस वर्षं आधी आजाराचं मूळ बरोबर ओळखलं, कारण ते घरातल्या ताटाकडे आणि गावाभोवतीच्या शेताकडे पाहत होते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अलीकडे दाखवून दिलं आहे की जिथे बोंडातल्या सोंडकिड्याने कापूस बुडवला आणि लोक अन्नधान्याकडे वळले, तिथे पेलाग्राचे मृत्यू घटले.

त्या पट्ट्याशी वऱ्हाडचं जुनं नातं आहे. तिकडे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, म्हणून नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी वेगळा फाटा निघाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसं अन्नावाचून गेली. त्या काळी पोटात अर्धउपाशी वाढलेल्या पिढ्यांचे आपण वंशज आहोत. आज पोटभर स्टार्च मिळाल्यावर ते शरीर गोंधळलं, तर त्यात त्याचा गुन्हा काय?

इथे एक जण मला बरोबर अडवेल. पेलाग्रा शेवटी गेला तो पिठात जीवनसत्त्व मिसळूनच ना? मग डब्याला विरोध का? कारण तिथे काय कमी आहे हे सिद्ध झालेलं होतं आणि ते दिल्यावर आजार जात होता. मधुमेहात असा एकही कमी पडलेला पदार्थ सापडलेला नाही, जो डब्यातून दिला की इन्सुलिनला दाद परत येते. शिवाय ते पीठ बाजारातलं रोजचं पीठ होतं, गरिबाच्याही घरात जाणारं. कोणी त्यासाठी दहा दिवसांची मजुरी मोजली नाही.

दुसरं अडवणं आमच्यातल्या जुन्या माणसांचं असतं: ज्वारी परत आणा, सगळं ठीक होईल. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कण्या, आंबील हे माझंही लहानपण आहे आणि भाकरीचा तंतुमय चोथा रेशनच्या पांढऱ्या तांदळापेक्षा साखरेला नक्कीच बरा. ज्वारी परत यावी असं मलाही वाटतं. पण दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होत होता, हे हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतून डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास मांडलं होतं. भाकरीसोबत डाळ, दूध, अंडं, पालेभाजी असली तर भाकर चांगली. सोबत काही नसलं तर गहू काय आणि ज्वारी काय, धान्य बदललं म्हणून ताट बदलत नाही.

म्हणून पैसा आणि आवाज कुठे लावायचा, याचा विचार व्हावा. रेशनवर तूरडाळ, नियमित, आमच्याच जिल्ह्यांतून खरेदी केलेली. गर्भवतीचं आणि शाळेतल्या मुलींचं वजन आणि रक्त, नुसतं नोंदवहीत नाही, ताटात उतरेल असं. मेटफॉर्मिनचा पुरवठा न खंडता, कारण महिनाभर गोळी नसली की माणूस डब्याच्या टेबलाशी जातो. तपासणीत एक खबरदारी आमच्या भागाला खास लागू आहे: विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे, रक्तक्षय तर घरोघरी. अशा माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी फसवी निघू शकते, कधी कमी तर कधी जास्त. नुसत्या त्या आकड्यावर कोणाला ‘तुला काही नाही’ म्हणून परत पाठवू नये, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी. आणि तिशीनंतर सगळ्यांची तपासणी व्हावी, सडपातळ माणसाला वगळू नये. काकूंना आधी कोणी तपासलं नाही, कारण त्या बारीक होत्या.

चालण्याचंही तसंच. आमच्या गावातल्या सात-आठ बायका पहाटे पाचला फाट्यापर्यंत चालायला जातात. दीड किलोमीटरचा राज्यमार्ग, कडेला काळी माती, पावसाळ्यात चिखल. दिवा एकही नाही. मागून टिप्पर आला की सगळ्या एका रांगेत कडेच्या नालीपाशी सरकतात, पदर तोंडाला लावून उभ्या राहतात आणि धूळ बसली की पुन्हा निघतात. एकीच्या हातात काठी, एकीच्या हातात मोबाइलचा टॉर्च. अंधारात नवऱ्याने एकटीला पाठवलं नसतं, म्हणून घोळक्याने जातात. हातपाय हलवा म्हणणाऱ्यांनी एकदा या रस्त्यावर पहाटे उभं राहावं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी दोन ठराव लिहून ठेवले आहेत. फाट्यापर्यंतच्या रस्त्याला दिवे आणि कडेने मुरूम टाकून चालायची पट्टी, हा एक. गावातल्या बचत गटाने तूर अडतीवर जाण्याआधी पाच क्विंटल घेऊन इथेच डाळ करावी आणि ती वर्षभर हप्त्याने गावात विकावी, यासाठी ग्रामपंचायतीने खोली द्यावी, हा दुसरा. दोन्ही ठरावांना सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून सही करायचं काकूंनी कबूल केलं आहे.